घरात बोलका, शाळेत मुका
द्वितीय वर्ष, कला

आषाढी एकादशीच्या सुटीला मी वसतिगृहातून घरी गेलो, तेव्हा वहिनीचे डोळे रडून सुजलेले होते. थोरल्या भावाचा मुलगा जूनमध्ये पहिलीत बसला होता. वय वर्षे सहा. आदल्या दिवशी बाईंनी वहिनीला शाळेत बोलावून सांगितले होते, "तुमचा मुलगा वर्गात तोंडच उघडत नाही. एक विचारले तर भलतेच सांगतो, नाहीतर नुसता बघत राहतो. मंद दिसतो. घरी लक्ष द्या."

आमच्या घरी लक्ष देणार कोण? वडील चौथीपर्यंत शिकलेले, आई निरक्षर, दादाने दहावीनंतर शेती धरली. महाविद्यालयाची पायरी चढलेला आमच्या कुळात मी पहिलाच. साहजिकच सगळे माझ्याकडे पाहू लागले. आजी मात्र कोणाकडेही न पाहता म्हणाली, "मंद? घरमा तं हाऊ कोनले बोलू देत नही!"

आजीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मग घरात कोणाला बोलू न देणारा मुलगा शाळेत मुका का होतो? त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मानसशास्त्र हा माझा विषय आहे आणि मराठीच्या तासाला भाषाविज्ञानाची तोंडओळख झाली आहे. प्राध्यापकांना विचारले, ग्रंथालयात बसून वाचले. त्यातून जे समजले आणि मी स्वतः जिथे चुकलो, ते दोन्ही मित्रमैत्रिणींपुढे व गुरुजनांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

शाळेपूर्वीची शाळा

मूल शाळेत भाषा शिकते असे आपण समजतो. वस्तुतः शाळेच्या दारात उभे राहण्यापूर्वीच भाषेचे सर्वांत अवघड शिक्षण त्याने पुरे केलेले असते. तान्हे मूल आईचा आवाज ओळखते, कारण तो त्याने पोटात असतानाच ऐकलेला असतो. पहिले काही महिने तर त्याचे कान आपल्यापेक्षाही तीक्ष्ण असतात. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोघांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आम्हा मराठी माणसांना मोठा मौजेचा वाटेल. हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतला फरक इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना सहसा ऐकूच येत नाही. पण इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो बरोबर ओळखता आला. तीच परीक्षा दहा-बारा महिन्यांच्या बाळांची घेतली, तर बहुतेकांना तो ओळखता येईना. म्हणजे पहिले वर्ष संपेपर्यंत बाळाचा कान आपल्या घराच्या भाषेला बांधला जातो. जे ध्वनी भोवती ऐकू येतात ते तो पक्के धरतो आणि बाकीचे सोडून देतो.

पुढची वाटचाल आपल्या प्रत्येकाच्या घरात घडते. वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दोन वर्षांपर्यंत 'आई पाणी' अशी दोन शब्दांची जोडी, तिसऱ्या वर्षी छोटी वाक्ये. चार वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्या माणसालाही बहुतेक समजावे लागते. उच्चारांत प, ब, म हे ओठांचे ध्वनी आधी येतात. 'र'सारखा ध्वनी, ज्यासाठी जिभेचे टोक नेमके थरथरवावे लागते, तो पक्का व्हायला काही मुलांना सहा-सात वर्षेही लागतात. म्हणून पहिलीतला मुलगा 'रोज'ला 'लोज' म्हणाला, तर त्यात बुद्धीचा काही संबंध नाही. त्याची जीभ अजून सराव करते आहे, इतकेच.

चूक की हुशारी?

लहान मूल 'मी केलं' म्हणण्याऐवजी 'मी करलं' म्हणते आणि आपण हसतो. पण क्षणभर विचार करावा. 'करलं' हा शब्द त्याला कोणी शिकवला? घरातल्या कोणीही तो उच्चारलेला नसतो. 'बस'चे 'बसलं', 'पड'चे 'पडलं', तर 'कर'चे 'करलं' हा नियम मुलाने स्वतः शोधून काढलेला असतो. भाषेलाच तिथे अपवाद आहे, त्याला बिचारा तो काय करणार!

हीच गोष्ट अमेरिकेत जीन बर्को या विदुषीने १९५८ साली एका साध्या प्रयोगाने दाखवली. तिने मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले आणि त्याला 'वग' हे बनावट नाव दिले. मग तसेच दोन प्राणी दाखवून विचारले, आता हे दोन काय? मुलांनी बिनदिक्कत 'वग्ज' असे अनेकवचन केले. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता. अर्थात मूल भाषेची नुसती पोपटपंची करत नाही, ते तिचे व्याकरण मनात रचत जाते. जी चूक आपल्याला दिसते, ती पुष्कळदा त्या रचनेची खूण असते.

मग शाळेत गेल्यावर नवे काय शिकायचे उरते? पुष्कळच. घरी मूल समोरच्या वस्तूंविषयी, समोरच्या माणसाशी बोलते. 'ते तिकडे ठेव' एवढ्याने काम भागते. शाळेत मात्र जे समोर नाही त्याविषयी, ज्याला आपले घर माहीत नाही अशा माणसाशी बोलावे लागते. 'कारण', 'म्हणून', 'जर-तर' हे सांधे वापरून गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगावी लागते. शिवाय बोललेला शब्द कानाने फोडून त्याचे ध्वनी वेगळे करावे लागतात, तेव्हा कुठे अक्षराशी त्यांची जोडी जमते. मूल जे बोलते त्याच्या पायावरच वाचन उभे राहते. म्हणूनच पहिलीत जो मुका होतो, त्याची पुढची इमारत डळमळते. आमच्या घरी चिंता होती ती याचीच.

बोली म्हणजे दोष नव्हे

आमच्या घरची भाषा अहिराणी. धुळे, नंदुरबार, जळगाव आणि नाशिक जिल्ह्याच्या काही तालुक्यांत ती बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषा बोलणाऱ्यांची नोंद अठरा लाखांहून अधिक आहे, आणि त्यातले बहुसंख्य अहिराणी सांगणारे आहेत. ग्रिअर्सनने आपल्या भारतीय भाषांच्या पाहणीत मराठीला स्वतंत्र खंड दिला, पण खानदेशीला त्यात न घालता १९०७ च्या दुसऱ्या एका ग्रंथात भिली भाषांबरोबर ठेवले. तिचे कूळ कोणतेही असो, तिला स्वतःचे व्याकरण आहे हे नक्की. प्रमाण मराठीत 'घरात', आमच्याकडे 'घरमा'. 'मला' म्हणजे 'माले', 'आहे' म्हणजे 'शे'. 'ळ' आमच्या तोंडी 'य' होतो, म्हणून 'डोळा' हा 'डोया', आणि 'ण'चा 'न' होतो, म्हणून 'पाणी' हे 'पानी'. हे बदल मन मानेल तसे होत नाहीत, ते ठरलेल्या जागी ठरल्याप्रमाणे होतात.

आता पहिलीतल्या मुलाचे काय होते ते पाहा. बाई विचारतात, "वही कुठे आहे?" तो म्हणतो, "घरमा शे." वर्ग हसतो. बाई सांगतात, "नीट बोल." सहा वर्षांच्या मुलाला 'नीट' म्हणजे काय ते कळत नाही, त्याला एवढेच कळते की आपण बोललो की लोक हसतात. आणि यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे न बोलणे.

हे मी इतक्या खात्रीने लिहितो, कारण तो उपाय मी स्वतः केला आहे. पहिल्या वर्षाला आलो तेव्हा ओळख करून देताना घाईत माझ्या तोंडून 'मना नाव' असे गेले. मागच्या बाकावरून कोणीतरी ते शब्द परत उच्चारले आणि हशा पिकला. त्यानंतर ते सत्र संपेपर्यंत मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. उत्तर येत असतानाही मान खाली घालून बसलो. अठरा वर्षांच्या मुलाची ही गत, तर सहा वर्षांच्या मुलाची काय कथा?

ज्या बहिणाबाई चौधरींचे नाव २०१८ साली आपल्या विद्यापीठाला मिळाले, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि त्यांची गाणी प्रमाण भाषेत नव्हे, तर लेवा बोलीत आहेत. त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली आणि महाराष्ट्र थक्क झाला. विद्यापीठावर त्यांच्या नावाची पाटी लावायची आणि त्यांच्याच मुलखातल्या मुलाला 'नीट बोल' म्हणायचे, हे मला काही जुळत नाही.

हार्लेममधला मुलगा

या प्रश्नाचा विचार करताना विल्यम लबोव्ह या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाची एक हकीकत वाचनात आली. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कृष्णवर्णीय मुलांना भाषाच नीट येत नाही, त्यांची घरे भाषेच्या दृष्टीने दरिद्री आहेत, असे तेथील काही शिक्षणतज्ज्ञ म्हणत असत. लबोव्हने १९६९ च्या आपल्या निबंधात आठ वर्षांच्या एका मुलाची गोष्ट सांगितली आहे. मुलाखत घेणारा त्याच वस्तीत वाढलेला, त्याच वर्णाचा, तरीही मुलगा एकेका शब्दात उत्तरे देई. पुढच्या खेपेला मुलाखत घेणाऱ्याने बटाट्याच्या काचऱ्या आणल्या, मुलाच्या जिवलग मित्राला बरोबर घेतले, आणि खुर्ची सोडून सरळ जमिनीवर बसला. बोलण्याचे विषयही पोरांच्या आवडीचे निघाले. मग काय! तोच मुलगा मित्राशी चढाओढीने बोलू लागला. मुलगा तोच आणि भाषा तीच. बदलली होती ती बैठक.

हे वाचले आणि दिवाळीच्या सुटीत आपणही जमिनीवर बसायचे असे मी ठरवले.

खळ्यातली वही

दिवाळीत मी शंभर पानांची एक वही घेतली. पुतण्याबरोबर खळ्यात बसायचे, शेंगा फोडायच्या, आणि तो बोलेल ते जसेच्या तसे टिपायचे. शेजारचा त्याचा मित्रही असे. पहिल्याच दिवशी त्याने म्हशीची हकीकत सांगितली. "आमनी म्हैसले पालडू व्हयनं. ते पडनं, मंग उठनं, मंग पलत पडनं." पारडू किती वेळा पडले, आजीने काय केले, कुत्रे कुठे होते, शेवटी ते कसे उभे राहिले, सारे क्रमाने सांगितले. सहा वर्षांच्या मुलाकडून गोष्टीत जे जे अपेक्षित असते, ते सर्व त्यात होते. असा मुलगा मंद कसा असेल?

रात्री मी त्याच्या 'चुका' दोन रकान्यांत मांडल्या. 'पालडू', 'पलत' या पहिल्या रकान्यात, कारण 'र'च्या जागी 'ल' हा वयाचा प्रश्न होता. 'म्हैसले', 'व्हयनं', 'पडनं' या दुसऱ्या रकान्यात, कारण ती आमची बोली होती. एकही शब्द शिल्लक राहिला नाही. मला विजय झाल्यासारखे वाटले. सुटी संपल्यावर बाईंना ही वही दाखवायची आणि चार शब्द सुनवायचे, असा बेत मी मनात पक्का केला.

चौथ्या दिवशी तो बेत मोडला. पुतण्या पाठमोरा बसून माती खेळत होता. मी मागून हाक मारली. त्याने पाहिले नाही. पुन्हा मारली, तरी नाही. मित्र वळला, हा नाही. समोर जाऊन तेच बोललो, तर लगेच उत्तर दिले. मग एकेक गोष्ट आठवू लागली. तो टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसे. दोनदा सांगितल्याशिवाय ऐकत नाही म्हणून दादा त्याच्यावर चिडत असे. पावसाळ्यापासून त्याची सर्दी पुरती गेलीच नव्हती. माझ्या दोन रकान्यांत त्याच्या तोंडचे सगळे शब्द बसले होते. त्याच्या कानांविषयी मात्र मी विचारच केला नव्हता.

मनावर दडपण येऊन मी बाईंकडे गेलो. भांडायला नव्हे, विचारायला. त्या आमच्या भागातल्या नाहीत, अहिराणी त्यांना परकीच. पहिली-दुसरीचे वर्ग एकत्र सांभाळतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "भलतेच उत्तर देतो असे मी म्हणत होते, ते हेच असेल." खरेच होते ते. त्यांना दिसले ते काहीतरी खरे होते, फक्त त्याचे नाव त्यांनी चुकीचे घेतले. आणि मी अर्धेच उत्तर पुरे समजून त्यांच्याशी भांडायला निघालो होतो.

कानामागचे पाणी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथे सुरू झाला. त्याखाली अंगणवाडीतील आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते, तीत ऐकणे आणि बोलणे यांचाही समावेश आहे. गरज वाटली तर मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी पुढील तपासणीसाठी पाठवतात. त्याच वाटेने आम्ही जिल्हा रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी सांगितले की दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साठले आहे.

लहान मुलांत हे फार आढळते. नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी मुलांत आखूड व आडवी असते. सर्दीने ती चोंदली की पडद्यामागे द्रव साचतो. कान दुखतोच असे नाही, वाहतोही असे नाही, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. मूल बहिरे होत नाही, पण कानावर गोधडी पांघरल्यासारखे त्याला मंद ऐकू येते. जवळचे, मोठ्याने बोललेले, तोंडाकडे पाहून ऐकलेले कळते. गोंगाटाच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून सांगितलेले कळत नाही. त्यातही 'स', 'फ' यांसारखे हलके ध्वनी आणि शब्दांच्या शेवटची 'ला', 'ने', 'त' ही अक्षरे आधी बुडतात. घरच्या बोलीत मूल ती अंदाजाने भरून काढते. शाळेची भाषा आधीच नवी, तिथे अंदाज कशाच्या आधारावर करणार? माझ्या पुतण्याच्या बाबतीत बोली आणि कान, दोन्ही एकाच वेळी आडवे आले होते.

डॉक्टरांनी तीन महिने वाट पाहण्यास सांगितले, कारण हे पाणी पुष्कळदा आपोआप ओसरते. न ओसरल्यास लहानशी शस्त्रक्रिया असते. कानात तेल किंवा दुसरे काहीही घालायचे नाही, असे त्यांनी आजीला बजावून सांगितले, आणि आजीने ते नाइलाजाने मानले!

मग ओळखायचे कसे?

या अनुभवातून मला वाटते, मूल बोलत नाही असे दिसले की शिक्का मारण्यापूर्वी काही प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न, त्याला ऐकू येते का? पाठीमागून हलक्या आवाजात हाक मारून पाहणे कोणालाही जमेल. शंका आली की तपासणी करून घ्यावी.

दुसरा, अडचण घरच्या भाषेतही आहे का? हा प्रश्न फार महत्त्वाचा. घरच्या बोलीत गोष्ट रंगवून सांगणारे मूल फक्त शाळेत अडखळत असेल, तर ती भाषेची ओढाताण आहे, विकार नव्हे. पण काही मुलांना घरच्या भाषेतही शब्द आठवत नाहीत, वाक्य जुळत नाही, सांगितलेले समजत नाही. कान ठीक, बाकी सर्व ठीक, तरी भाषाच जड जाते. इंग्लंडच्या सरे परगण्यात शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांची पाहणी झाली, ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत अन्य कोणतेही ज्ञात कारण नसताना भाषेत अशी अडचण असणारी मुले सुमारे साडेसात टक्के आढळली. म्हणजे तीसच्या वर्गात दोन. अशा मुलांना 'बोलीमुळे असेल' म्हणून सोडून देणे हाही अन्यायच. त्यांना वाचा-भाषा उपचारांची गरज असते. मुंबईच्या वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच क्षेत्रात काम करते आहे.

तिसरा, हे वयाचे आहे का? 'र'चा 'ल' होणे किंवा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान काही काळ अडखळणे बहुतेक मुलांत पुढे नाहीसे होते. त्यावर हसू नये, 'परत म्हण' म्हणून छळू नये. फार काळ टिकले किंवा मूल स्वतःच बोलायला घाबरू लागले, तर मात्र तज्ज्ञांना दाखवावे.

आणि चौथा, त्याला भीती वाटते आहे का? हा प्रश्न मुलाला नव्हे, आपल्याला विचारायचा.

वर्गात करण्याजोगे उपायही सोपे आहेत. मूल 'माले पानी दे' म्हणाले, तर 'नीट बोल' न म्हणता 'पाणी हवं? हे घे पाणी' म्हणावे. त्याची मागणी पुरी होते, आणि प्रमाण शब्दही कानावर पडतो. दुसरा उपाय थांबण्याचा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. ते तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरे लांबतात आणि गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. दोन सेकंदांना काही पैसे पडत नाहीत. आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होणार आहेत, त्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

शेवटी

फेब्रुवारीत पुन्हा तपासणी झाली. डावा कान मोकळा झाला आहे. उजव्यात अजून थोडे पाणी आहे, एप्रिलमध्ये परत जायचे आहे. बाईंनी त्याला पहिल्या बाकावर बसवले आहे आणि बोलताना त्या त्याच्याकडे तोंड करतात. गेल्या महिन्यात त्यांनी त्याला वर्गापुढे म्हशीची गोष्ट सांगायला लावली, त्याच्याच बोलीत. अर्धा वर्ग हसला, पण पारडू पडले तिथे. नंतर बाईंनी तीच गोष्ट प्रमाण मराठीत फळ्यावर लिहिली आणि सगळ्यांनी ती वाचली.

त्याला अजून 'र' येत नाही. पहिलीचा अभ्यासही मागे पडला आहे, तो भरून काढायला वेळ लागेल. दादा मात्र आता दोनदा सांगावे लागले तरी चिडत नाही, पुढ्यात जाऊन सांगतो.

मीही परवा मानसशास्त्राच्या तासाला हात वर करून एक प्रश्न विचारला. बोलताना 'पाणी'चे 'पानी' झाले असावे. सर थांबले, विचार केला आणि उत्तर दिले.